हुरड्याला न्यायची गाडी

बायको जायच्या आधीचा सगळा हिवाळा मी एका आकड्याशी भांडलो. आकडा दोन. कधी एक पॉइंट आठ, कधी दोन, त्याच्या वर म्हणून जाईना. यायला पाहिजे होता आठ.

मी वेल्डर माणूस. सातवीत शाळा सुटली, मग भोसरी, मग चाकण, सगळा जन्म शेडखाली ठिणग्यांत गेला. लोखंड मला कळतं. वाकलं तर दिसतं, चिरलं तर ठोकल्यावर आवाज बदलतो. विजेचं तसं नाही. ती आहे का नाही हेसुद्धा मीटरला विचारावं लागतं.

ज्या मिनीबसने मी शिफ्टला चाकणला जायचो तीच बस पुढे ठेकेदाराने विकायला काढली, आणि मी ती घेतली. सीटा उचकटल्या, मागे संडास बसवला, खिडकीकडे झोपायला बाक केला. बाकाला कडेने पाइप लावला, वळणावर माणूस पडायला नको म्हणून. चिखलीला माझ्या शेडपुढे मोकळा प्लॉट आहे, तिथे गाडी उभी असायची. लोक विचारायचे, काका, हॉटेल टाकताय काय. मी हो म्हणून मोकळा व्हायचो.

खरं एवढंच होतं की बायकोला हुरडा खायला माहेरी जायचं होतं.

तिची फुफ्फुसं कामातून गेली होती. रात्री नाकातोंडावर मास्क लावून झोपायचं आणि मशीनने हवा आत ढकलायची, असं चाललं होतं. मशीन पोळ्यांच्या डब्याएवढं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, एक रात्रसुद्धा चुकवायची नाही. तिच्या भावाचं घर बार्शीकडे, गावापासून लांब, मळ्यात. तिथे लाइट आली तर आली. म्हणून बाकाखाली मोठी बॅटरी आणि टपावर सोलर पॅनेल. दिवसा उन्हाने बॅटरी भरेल, रात्री तिच्यावर मशीन चालेल, चार दिवस राहून परत, असा बेत. इंजिन चालू ठेवूनही बॅटरी भरते, पण डिझेलचा धूर तिला सोसायचा नाही.

"आणि हुरडा भाजायच्या आगटीचा धूर चालतो वाटतं?" मी म्हणायचो.

"मी गाडीतच बसणार, काच लावून. तुम्ही आणून द्यायचा. गरम, हातावर चोळून. आजवर तुम्हाला चहा तरी आणून द्यायला लागलाय का?"

लागला नव्हता. ते खरंच आहे.

पॅनेल बसवलं त्या दिवशी ती खाली खुर्ची टाकून बसली होती. मी पॅनेलला चारी बाजूंनी अँगल मारला आणि वरून दोन-दोन बोटं रुंदीच्या तीन आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या. आमच्याकडे टपावरून पाण्याची टाकी नेतात, पॅनेल काय ठेवणार आहेत? शिवाय दगड, पोरांचे बॉल. पट्ट्यांना काळा रंग दिला, दोन हात. चांगलं दिसत होतं. मी वरून म्हणालो, "आता कुणाचा बाप काढून दाखवू दे."

"तुम्हाला सगळ्याला पिंजरा घालायची हौस," ती म्हणाली. "तुळशीला घातला, मोटारीला घातला. मी तेवढी सुटले."

मी हसलो. पन्नास वर्षं ग्रिल बनवणाऱ्या माणसाला याच्यात बोलणं काय लागायचं?

दिवाळीनंतर आम्ही गाडी तपासायला म्हणून तीन दिवस गाडीतच राहायचं ठरवलं, आमच्याच प्लॉटवर. पहिली रात्र मशीन चाललं. दुसऱ्या रात्री पहाटे बॅटरी बसली आणि मशीन शिट्ट्या मारायला लागलं. मी तिला तसंच धरून घरात आणलं, मशीन भिंतीतल्या सॉकेटला लावलं. तिला काही झालं नाही. पण प्लॉटवर घर वीस पावलांवर होतं. मळ्यात काय केलं असतं?

तेव्हापासून मी त्या आकड्याच्या मागे लागलो. पॅनेलची वायर एका छोट्या डबीत येते, तिला कंट्रोलर म्हणतात. किती करंट बॅटरीत चाललाय ते तिच्यावर दिसतं. रात्री शेडचे दिवे लावून मी बॅटरी मुद्दाम उतरवायचो, तरी भर दुपारी दोन. मी पॅनेल धुतलं. दोन. वायरींच्या टोकांचे तांब्याचे लग काढून घासून परत आवळले. दोन. जाड वायर ओढली. दोनच. बॅटरीत पाणी घातलं, एकेक खण उघडून बघितला, सगळे ठीक. कंट्रोलरपुढे उकिडवा बसून मी आकड्याकडे बघत बसायचो, दूध उतू जाईल म्हणून बाई बघते तसा. उतू काही गेलं नाही.

आमच्या जुन्या कंपनीचा इलेक्ट्रिशियन, माझ्या बरोबरीचाच, अजून दुसरीकडे कामाला जातो. तो सुट्टी झाल्यावर आला, पाच वाजले होते, ऊन उतरलेलं. गुडघ्यामुळे त्याला शिडी चढवेना. त्याने खालूनच वायरी तपासल्या, मीटर लावलं.

"वायरिंग झकास आहे राव. वर सावली-बिवली पडते का?"

"कशाची पडंल? झाड न्हाई, बिल्डिंग न्हाई. डोक्यावर नुसतं आभाळ."

बायको खिडकीतून म्हणाली, "सावली न्हाई हो भाऊजी, पिंजरा हाय."

"वहिनी, तुम्हाला कोंडून न्यायचा विचार दिसतोय याचा," तो म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. तिला हसताना खोकला आला, म्हणून मग तो विषय तिथंच राहिला.

कंट्रोलर गेला असेल असं तो म्हणाला. मी पिंपरीला दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "काका, कंट्रोलर देतो, पण आधी पॅनेल घेऊन या. इथं उन्हात लावून बघू, पाच मिनिटांचं काम." मी म्हणालो, बरं. पण पॅनेल आणायचं म्हणजे पट्ट्या कापायच्या. माझ्या हाताचं वेल्डिंग, घासून गुळगुळीत केलेलं, ते मी कापायचं? मी नवा कंट्रोलर तेवढा घेऊन आलो. लावला. एक पॉइंट नऊ.

मेव्हण्याचा दर चार दिवसांनी फोन. "दाजी, कणीस दुधात आलंय. कधी निघताय?"

"निघतो. जरा करंटचं काम राहिलंय."

"तुमचं करंटचं काम म्हणजे सरकारी रस्ताच झाला की. अक्काला द्या फोन."

ती फोनवर त्याला सांगायची, "तिळाची चटणी करून ठेव. यांचं झालं की निघालोच." माझ्यासमोर एकदासुद्धा म्हणाली नाही की उशीर होतोय. म्हणाली असती तर मी चिडलो असतो, आणि चिडलो असतो तर कदाचित पट्ट्या कापल्या असत्या. हे मी आता म्हणतो.

तिच्या भावाच्या रानात सोलरचा पंप आहे हे मला माहीत होतं. त्याला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. रानातल्या माणसाला काय विचारायचं, मी चाकणचा कामगार. असला माज होता.

संक्रांत गेली. मग फोन आला की कणीस टणक व्हायला लागलं, आता फार तर आठ दिवस. त्याच आठवड्यात तिला ताप भरला. दवाखान्यात नेलं. तिथे तिच्या खाटेशेजारी भिंतीला चार सॉकेट होते, चारही चालू. मी त्यांच्याकडे बघत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आकडा किती?"

"पाच झाला," मी खोटं बोललो.

"मग झालंच की," ती म्हणाली, आणि मास्क लावून घेतला.

दोन दिवसांनी गेली.

मेव्हणा दहाव्यापासून तेराव्यापर्यंत राहिला. ते सगळे दिवस अंगणातले दिवे गाडीच्या बॅटरीवरच होते, ती बरीच उतरली होती. तेराव्याची जेवणं झाल्यावर आम्ही दोघं गाडीपुढे बसलो होतो. बोलायला काही नव्हतं म्हणून मी त्याला सगळं सांगितलं, वायरी, लग, कंट्रोलर. तो म्हणाला, बघू तरी, आणि धोतर खोचून शिडी चढला. वर गेला आणि थांबला.

"दाजी, हे झाकून का ठेवलंय?"

"कुठं झाकलंय? तीन पट्ट्या त्या. बाकी सगळं उघडं हाय."

"तसं न्हाई चालत." तो सहज बोलत होता, रानातलं काही सांगावं तसा. "ह्या बारक्या चौकटी एकीला एक जोडलेल्या असत्यात. एक झाकली की मागचं सगळं अडतं, पायपात बोळा बसल्यागत. आमच्या पंपाच्या पॅनेलवर पळसाचं पान पडलं तरी पाणी कमी येतं, बाईमाणूस रोज फडकं घेऊन..."

त्याच्या लक्षात आलं आपण काय बोलतोय. वरून माझ्याकडे बघत राहिला, मग पॅनेलकडे बघायला लागला.

मी शेडमधून ग्राइंडर आणला. तो म्हणाला, राहू द्या दाजी, आज नको. मी वर चढलो. काचेवर ठिणग्या नकोत म्हणून खाली गोणपाट घातलं आणि तिन्ही पट्ट्या दोन्हीकडून कापल्या. चांगलं वेल्डिंग होतं, वेळ लागला. गोणपाट ओढून काढलं. मेव्हणा आत कंट्रोलरपुढे जाऊन बसला होता.

"किती?" मी विचारलं.

त्याने बोटाने डबीवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "आठ. आठच्या वर हाय थोडं."

मी टपावरच बसून राहिलो. शेवटी तोच वर आला, माझ्याशेजारी बसला. त्याने मला दोष दिला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, "अक्काला हुरडा फार आवडायचा असं काही न्हाई. तिला मळ्यात यायचं होतं एवढंच." हे खरं की माझ्यासाठी बोलला, मला माहीत नाही. विचारलं नाही.

तो गावाला गेला. मशीन पिंपरीतल्या एका गरजू म्हातारीला दिलं. गाडी प्लॉटवर तशीच आहे. लोक आता हॉटेलचं विचारत नाहीत.

परवा दुपारी कंट्रोलर बघितला तर आकडा शून्य पॉइंट सहा. वायर गेली, लग सैल झाला, काय काय मनात आलं. पुन्हा वर चढलो, पॅनेल स्वच्छ, ऊन लख्ख. इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

तो म्हणाला, "अरे बॅटरी भरलीय. खर्चच नाही तर ती घेईल कशाला? काही बिघाड नाही. एखादा पंखा लाव, बघ चढतो का."

बाकाच्या डोक्याशी तिच्यासाठी एक छोटा पंखा बसवला होता मी, जाळीसकट. तो चालू केला. आकडा दोनावर गेला. तोच दोन. मी बाकावर, तिच्या बाजूला बसलो. वारा उशीवर येत होता.

आता रोज दुपारी जेवण झालं की जातो, पंखा लावतो, ऊन उतरेपर्यंत बसतो. दुसरं काय करायचं ते मला कळत नाही.