त्याचा काय भरवसा?

गगनबावड्याजवळ शेतातल्या घरात माझी आत्या एकटी राहते. तिथवर विजेची तार पोचलेली नाही. मागच्या पावसात अंधारात घसरून तिचा हात मोडला, म्हणून दोन दिव्यांपुरतं स्वस्तातलं सोलर बघायला मी उचगावातल्या एका दुकानात गेलो.

मालकानं सगळं ऐकलं, पण लक्ष पॅनेलच्या काचेत दिसणाऱ्या स्वतःच्या केसांवर होतं. “पावणं, मोठं पॅनेल घ्या. बॅटरी बारकी असली तरी चालतंय.”

“तिकडं आठवडाभर ऊन पडत नाही.”

“दिसत न्हाय म्हणून सूर्य मेला व्हय?” म्हणत तो स्वतःच खदखदून हसला.

तेवढ्यात दुकानातली वीज गेली. तो माहितीपत्रकानं वारा घेऊ लागला.

“इथं सोलर नाही बसवलं?”

“छे! त्याचा काय भरवसा?”

“मग आत्यानं कशाच्या भरवशावर राहायचं?”

“म्हातारीला काय, दिवा असला तरी झोपायचंच की!”

असल्या माणसाशी वाद घालायचीही मला किळस आली. मी उठलो. दुसरीकडून बेताचं पॅनेल आणि मोठी बॅटरी घेतली.

यंदा भर पावसात, जेवण झाल्यावर, आत्या दिव्याखाली वाकळ शिवत बसते.