फेरेटची वामकुक्षी

सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांनी बोलणं-चालणंच टाकलं, म्हणून आम्ही त्यांना नागपूरहून लेस्टरला आणलं. इथे येऊन त्यांनी पलंग धरला. रोज सकाळी मी चहा घेऊन दारात उभी राहायचे. "बाबा, उठा. उजाडलं केव्हाच. असं किती पडून राहायचं?" भिंतीकडे तोंड.

शेवटी ओढतच त्यांना आमच्या अलॉटमेंटवर नेलं, म्हणजे कौन्सिलने भाड्याने दिलेल्या भाजीच्या तुकड्यावर. तिथे त्यांनी मेथी पेरली आणि माणूस स्वतःहून उठून बूट घालायला लागला. मेथी वीतभर झाली तशी सशांनी एका रात्रीत अर्धी फस्त केली. बाबा परत पलंगावर. असा संताप आला मला! मेल्यांना अख्ख्या इंग्लंडचं गवत पुरत नव्हतं?

शेजारच्या तुकड्यावरचे गोरे आजोबा म्हणाले, फेरेट आणतो. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबुडका प्राणी. यांचा पांढरा होता. बिळांच्या तोंडांवर जाळ्या लावायच्या, फेरेटला आत सोडायचं, की ससे घाबरून बाहेर पळतात आणि जाळीत अडकतात. निदान बघायला तरी चला, म्हणून रविवारी बाबांना पुन्हा ओढून नेलं.

आजोबा जाळ्या लावायला गेले आणि फेरेटची पेटी बाबांच्या पायाशी राहिली. मी थर्मास उघडून वळून बघते तर काय, माझ्या डब्यातल्या तूप लावलेल्या पोळ्या दुधात कुस्करून बाबा त्याला भरवत होते. शेवटचा घास चालला होता.

"अहो बाबा!"

"अगं, कामाला आलेल्याला उपाशी ठेवायचं का?"

फेरेट बिळात शिरला. आम्ही जाळ्यांवर नजर लावून उभे. ससा नाही, फेरेट नाही, काही नाही. बऱ्याच वेळाने आजोबांनी त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचा माग काढणारं यंत्र जमिनीवर फिरवलं. स्वारी बरोब्बर मेथीच्या वाफ्याखाली होती आणि हलत नव्हती.

"याने काही खाल्लंय का?" आजोबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "झोपलाय तो. आता खणावं लागणार."

त्यांनी फावडं उचललं, तसे बाबा वाफ्यात जाऊन उभे राहिले. "माझ्या मेथीला हात लावायचा नाही म्हणावं!" मी इंग्रजीत सांगितलं. "माझा फेरेट आहे खाली!" मी मराठीत सांगितलं. दोघंही लालबुंद, आणि मी मधल्या मधे दुभाषी.

मग बाबा चक्क मातीत पालथे झाले आणि बिळाला तोंड लावून ओरडले, "ऊठ रे! उजाडलं केव्हाच. असं किती पडून राहायचं?"

माझेच शब्द. वैतागसुद्धा माझाच. आजोबांनी हळूच टोपी काढली. त्यांना बहुतेक प्रार्थना वाटली.

बाबा थांबेनात. तेच तेच, पुन्हा पुन्हा, आवाज फाटेपर्यंत. शेवटी फेरेट जांभई देत बाहेर आला आणि सरळ त्यांच्या बाहीत शिरला. ससा एकही मिळाला नाही. बाबा मातीत बसून हसत होते, आणि मला मात्र रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच दारावर थापा पडल्या. बाहेर बाबा, पायात बूट.

"सूनबाई, उठा. ससे केव्हाचे कामाला लागले असतील."