लंबा मार की पास कर?

टीम मोडली की किस्से मागे राहतात, आणि दर चहाला त्यात एकाची भर पडते! आमच्या परभणीच्या फुटबॉल टीमचं मध्यंतरी तसंच झालं.

आमच्याकडे कोच दोन. कदीरभाई सायकल दुकानवाले, टीव्हीवर इंग्लंडच्या मॅचेस बघून तयार झालेले. पळा, भिडा, बॉल लांब मारा! वाघमारे सर झरीच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांचं दैवत स्पेन. बॉल पायाशी ठेवा, छोटे पास द्या, विचार करा. दोघं जिवलग दोस्त, पण ग्राउंडबाहेर!

*

कदीरभाईंच्या सरावात आधी ग्राउंडला चकरा, उलटी होईस्तोवर. बॉल सगळ्यात शेवटी. सरांनी मात्र पहिल्याच दिवशी आम्हाला रिंगणात उभं करून बॉल दिला.

"सर, पळायचं कधी?"

"बॉलला पळू द्या. तुमी डोकं पळवा."

कदीरभाई पुटपुटले, "घामच न्हाई आला तर ह्यो काय खेळ हाय?"

*

एकदा सरांनी आमच्या चपला मातीत मांडून डाव समजावला. ही इकडे सरकली की ती तिकडे... संपेचना! कदीरभाई म्हणाले, "सर, चपला लय भारी खेळायल्यात. उद्या त्यांनाच उतरवा!"

*

वालूर गावच्या टीमशी मॅच. कदीरभाई लाइनीवर उभे राहून ओरडत होते, "लंबा मार!" सर आपल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत. मॅच चालू असताना कोचनं बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. त्या दिवशी त्यांनाही राहवलं नाही. "पास कर!"

आमचा गोलकीपर गणेश बॉल कवटाळून उभाच! "आधी तुमी दोघं ठरवा की!"

तेवढ्यात, गोलकीपरनं बॉल फार वेळ धरला म्हणून रेफ्रीची शिट्टी वाजली. बॉल समोरच्यांना मिळाला, गोल झाला, आम्ही हरलो.

त्यावरून दोघांचं बोलणं तुटलं. एका टीमच्या दोन झाल्या आणि धड अकरा जण कुणाकडेच उरले नाहीत. फार वाईट वाटतं. दोघांचंही खरंच होतं हो!

*

मागच्या हिवाळ्यात सर अचानक गेले. अबोला तसाच राहिला.

त्यानंतर आम्ही सगळे पुन्हा एकत्र आलो. पहिल्या मॅचला कदीरभाई सरांची लाल खुर्ची घेऊन आले. लाइनीवर ठेवली आणि स्वतः शेजारी मातीत बसले. अख्खी मॅच एक शब्द नाही!

शेवटी शेवटी गणेशनं लांब किक मारली आणि तिच्यावर आमचा गोल झाला. आम्ही नाचत कदीरभाईंकडे धावलो. ते खुर्चीकडे बघत होते. मग गणेशवर खेकसले,

"लंबा कायकू मारला रे? पास कर की!"