गुडघ्याच्या बाई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या मजल्यावर कुणाकडे कुठलं कालवण शिजतंय ते चौथ्या खोलीत कळतं, तिथे ही एक गोष्ट मी चार वर्षं पोटात ठेवली आहे. आता तुम्हाला सांगतो. हसू येईल तिथे खुशाल हसा, मीही पुष्कळ हसलोय. शेवटी कदाचित येणार नाही — पण ते शेवटी बघू.

मी काळाचौकीचा. गणपतीत मंडळाचा माईक माझ्या हातात असतो. रांग सरळ करा, चपला बाहेर काढा, आरतीला पाच मिनिटं — सगळं मीच बोलतो. असा हा बडबड्या माणूस बायको गेल्यावर गप्प झाला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोंड तर चालूच होतं.

एका गुरुवारी दुपारी परळला उन्हात गरगरलं, म्हणून समोरच्या उघड्या दारात शिरून पाणी मागितलं. ते ख्रिस्ती सिस्टरांचं घर निघालं. पाणी मिळालं, मागोमाग चहा आणि खारी. नाव, गाव, जात — कुणी काही विचारलं नाही. सत्तरीच्या एक सिस्टर, मूळच्या वसईच्या, साध्या सुती साडीत समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, बसा, घाई नाही. मी बायकोबद्दल तासभर बोललो. त्यांनी सल्ला दिला नाही की पुस्तक पुढे केलं नाही. फक्त निघताना विचारलं, या सगळ्यात देव कुठे होता असं वाटतं? कुठला देव, ते विचारलं नाही. मला उत्तर आलं नाही, म्हणून पुढच्या गुरुवारी परत गेलो. मग दर गुरुवारीच जायला लागलो.

तिथे सगळे येतात. टॅक्सीवाले, कॉलेजच्या मुली, एक मुसलमान शिंपी, देव अजिबात न मानणारे एक निवृत्त मास्तर. प्रत्येकाला एक खुर्ची आणि ऐकणारं एक माणूस. दारावर पाटी नाही. जो येऊन गेला त्याने दुसऱ्याला आणायचं, एवढीच तिथली रीत. मला ती चांगली ठाऊक होती.

पण चाळीत काय सांगणार? मंडळाचा माईकवाला पेडणेकर सिस्टरांकडे जातो म्हटल्यावर गॅलरीत काय काय बोललं गेलं असतं! म्हणून मी सांगून टाकलं — गुडघ्याचा व्यायाम लावलाय. मग दर गुरुवारी लंगडणं आलं. जाताना डावा, येताना उजवा, असंही एकदा झालं. जोशांच्या सुनेने विचारलं तर म्हणालो, दुखणं फिरतं आहे. तिने मला तेलाची बाटली आणून दिली.

इथपर्यंत गंमतच होती, नाही का?

मग गणपती आले. मी सिस्टरना शिष्टाचार म्हणून म्हटलं होतं, या की घरी दर्शनाला. त्या खरंच आल्या. हातात चिकूंची पिशवी, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटासा क्रॉस. घरात नुकती आरती संपलेली, दहाबारा माणसं प्रसादाला थांबलेली. वरच्या मजल्यावरच्या सुलभावहिनींनी विचारलं, ह्या कोण? आणि मी — ज्या बाईंनी मला ओळखपाळख नसताना आत घेतलं, त्यांना माझ्याच उंबऱ्यावर — म्हणालो, "ह्याच त्या माझ्या गुडघ्याच्या बाई."

सिस्टरनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. तोवर तीन बायका गुडघे पुढे करून बसल्यासुद्धा. मला गुडघ्यातलं काही कळत नाही, असं सिस्टरनी स्पष्ट सांगितलं. लोकांना तो विनय वाटला. मग त्या वहिनींना म्हणाल्या, पण कधीपासून दुखतं ते सांगा. झालं! वहिनी गुडघ्यावरून जिन्यावर आल्या, जिन्यावरून वर्षापूर्वी गेलेल्या नवऱ्यावर. अर्धा तास बोलल्या. रडल्या, मग कशावर तरी खळखळून हसल्या आणि तीन मोदक खाल्ले. वर्षभरात त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

तुम्हाला वाटेल, हीच माझी चूक. नाही हो. ही चूक तर पुढच्या गुरुवारी सिस्टरनी "गुडघा काय म्हणतो?" एवढ्या एका प्रश्नात धुऊन टाकली. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

कसं सांगू — विसर्जनानंतर वहिनी खाली आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, त्या बाई सिस्टर ना? क्रॉस बघितला मी. असूदे, मला काय करायचंय! एकदा मला त्यांच्याकडे घेऊन चला. त्यांच्याशी बोलले आणि बरं वाटलं बघा."

म्हणजे ज्या भीतीपोटी मी लंगडत होतो, ती भीती वहिनींनी एका वाक्यात निकालात काढली. आता फक्त हो म्हणायचं होतं. आणि मी काय म्हणालो?

"त्या वसईला गेल्या कायमच्या. आता इथे नसतात."

का? लोकांची भीती नव्हती तेव्हा. ती खुर्ची मला माझी एकट्याची हवी होती. चाळीत सगळं वाटून घेतो आम्ही — नळ, जिना, वर्तमानपत्र. ऐकणारं एक माणूस मिळालं होतं, ते मला वाटून घ्यायचं नव्हतं. वहिनी आल्या असत्या तर सिस्टर त्यांच्याकडेही तशाच बघणार, माझ्याकडे बघतात तशा. ते मला सहन होणार नव्हतं. इतकं साधं आहे ते, आणि इतकं वाईट.

वहिनी "असं होय" म्हणाल्या आणि कठडा धरून जिना चढून गेल्या.

सिस्टर त्यांची चौकशी करतात अधूनमधून. त्या हसऱ्या बाई कशा आहेत, येतील का कधी? मी सांगतो, मजेत आहेत, नातवंडांत रमल्यात. वहिनींना नातवंडं नाहीत.

काल गुरुवार होता. मी निघालो तेव्हा वहिनी गॅलरीत एकट्या बसल्या होत्या. त्यांनी हात केला, मीही केला. मग मी परळला गेलो आणि तासभर बोललो.