आधी एक चक्कर

"आधी एक चक्कर, मग बोलू," असं म्हणत दादा बहारीनमधल्या हमद टाउनच्या राउंडअबाउटला गाडी घालायचे.

दादा आमच्या एसी दुरुस्तीच्या कंपनीतले सुपरवायझर. मूळचे साताऱ्याकडचे, आणि राग कायम नाकावर. गिऱ्हाईक फोनवर तडकलं किंवा ऑफिसातून कोणी खोचक बोललं, की ते वर्कशॉपकडे न वळता गोल फिरत राहायचे. आम्ही मागे हत्यारांच्या पेट्या धरून बसलेलो. "खलास" म्हणाले की समजायचं, राग उतरला.

एकदा मी म्हटलं, "दादा, पेट्रोल किती जाळायचं?"

"पेट्रोल जळू दे रं. मागच्या कंपनीत हात उचलला, तवा व्हिसाच जळाला."

आम्ही थट्टा करायचो. तुम्हीही केली असती.

जुलैत दुपारी उन्हात कामाला बंदी असते. तरी मॅनेजरनं आमच्या सलीमला रिफातल्या एका व्हिलाच्या गच्चीवर चढवलं. तो तिथेच कोसळला. त्याला इस्पितळात पोचवून परतत होतो, तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. स्पीकरवर.

"नाटक करता है वो. दूसरा आदमी चढाओ, अभी!"

दादांनी फोन कट केला. गाडी गोल फिरू लागली. त्यांची मुलगी बारावीला होती आणि व्हिसा रिन्यू व्हायचा होता. आज हात उचलला की सगळं संपलं. चकरांवर चकरा झाल्या, पण 'खलास' काही ऐकू येईना.

"उतरला का, दादा?"

"नाही. आज उतरवायचापण नाही."

ऑफिसात पोचल्यावर मॅनेजरच्या केबिनचं दार त्यांनी उघडंच ठेवलं. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले, बोटं पांढरी पडलेली. आवाज मात्र खालचा.

"साहब, दोपहर में मेरा एक भी आदमी ऊपर नहीं जाएगा."

"तुम्हारा व्हिसा रिन्यू होना है ना?"

"होना है. फिर भी नहीं जाएगा."

त्या दिवशी कोणी चढलं नाही. त्यानंतरही दुपारचं कोणी चढलं नाही. सलीम बरा होऊन कामावर आला. दादांचा व्हिसा मात्र रिन्यू झाला नाही. बायको आणि मुलगी आधी गावी गेल्या, मागून ते निघाले.

विमानतळावर सोडायला गाडी मीच घेतली. राउंडअबाउट आलं तसा सवयीनं मी गोल घालू लागलो.

"सरळ घे," दादा म्हणाले. "माझा झालाय खलास."

त्यांना सोडून परत आलो. वर्कशॉपचं वळण समोर होतं. माझा झाला नव्हता. मी फिरत राहिलो.