माझ्या आतेभावाचे चौकोनी कंस

माझ्या आतेभावाइतका हक्काने चिडणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात झाला नसेल. त्याच्या रागाला मी कधी नावं ठेवली नाहीत, कारण राग खरा होता. पावसच्या घरून कुणाबरोबर मला लांज्याला निरोप धाडायचा, तर तो निरोप आधी त्या माणसाकडून वदवून घ्यायचा. फणस पाठवला की पत्रात गोडीची चौकशी नाही. पोचला तो आपल्याच झाडाचा ना, एवढंच विचारायचं. वाटेत सगळं बदलतं, हा त्याचा ठाम समज मुंबईच्या एका कंपनीतल्या मोठ्या कॉम्प्युटरने करून दिलेला.

ऐंशीच्या दशकात तो तिथे प्रोग्रॅम लिहायचा. लहान मशीनवर लिहिलेलं टेपवरून मोठ्या मशीनवर नेलं की त्याचे चौकोनी कंस नाहीसे होत आणि तिथे भलतीच चिन्हं येऊन बसत. हाताने दुरुस्त करावं, तर शेजारच्या टर्मिनलवर पुन्हा तीच रड. कारण काय, तर दोन्ही मशीनांत अक्षरांना दिलेले आकडे वेगळे. शिवाय मोठ्या मशीनची एबीसीडी सलगसुद्धा नाही. आय आणि जेच्या मध्ये रिकाम्या जागा, पंगतीला माणूस नसताना पानं मांडून ठेवावीत तशा. हे सांगताना त्याचे कान लाल व्हायचे. पोस्टमनने तुझं पत्र वाटेत आपल्या मनाने बदललं तर चालेल का, असं तो मला दरडावून विचारायचा, जणू ते यंत्र मीच बसवलं होतं. साहेबांनी मात्र यंत्राला बोल लावला नाही. कंस टाळून लिहा, नाहीतर शिमग्यानंतर येऊ नका, असं यालाच सुनावलं. "मी बरोबर लिहिलंय. मी का बदलू?" म्हणत हा तडक पावसला आला. संताप मलाही आला. खोड यंत्राची आणि नोकरी जाणार माणसाची, हा कुठला न्याय?

शिमग्याला होळीपुढे वैऱ्याच्या नावाने बोंब मारायची आपल्याकडे मोकळीक असते. याने त्या मशीनच्या नावाने अशी बोंब ठोकली, की वैरी कोण हे न विचारता सगळ्या वाडीने साथ दिली.

पुढे ग्रामदेवाची पालखी अंगणात आली. आत्याने नारळ पुढे केला आणि म्हाताऱ्या गुरवाच्या कानात काही सांगितलं. त्याने खड्या आवाजात देवाला गाऱ्हाणं घातलं, "ह्या पोरानं जी अक्षरां मशीनीत घातलीन, ती तशीच भायेर येवंदेत, आनी त्येची नोकरी ऱ्हावंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

तू हेच सांगितलं होतंस का, असं आतेभावाने आईला विचारलं. तिने मान डोलावली. "बघ, एक अक्षर बदललं नाही त्याने," असं मला म्हणत तो पालखीपुढे वाकला. त्याचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

नोकरी गेलीच. तो आंब्याच्या बागेत रमला. पुढे आत्याही वारली. पण दर शिमग्याला तो नारळ पुढे करतो आणि गुरवाकडून तेच गाऱ्हाणं घालून घेतो, नोकरीसकट. आता कसली नोकरी, असं मी एकदा बोलून गेलो.

"आईचे शब्द आहेत ते," तो म्हणाला. "मी का बदलू?"