बेचाळीस सेकंद उशिराची घंटा

हॉस्पिटलात तिला सगळे तारताई म्हणत. वीस वर्षांपूर्वी ती भिंतींतून तारा ओढायला रोजंदारीवर आली, आणि भंगारात निघालेले वायफायचे डबे घरी नेऊन, त्यांच्या आतली प्रणाली उघडून वाचत, चुकत, शिकली. दहावी नापास. सासू म्हणायची, "डब्याशी बोलतेस तेवढं नवऱ्याशी बोलली असतीस तर!"

"डबा उलटून बोलत नाही, आत्याबाई."

त्या दुपारी तिसऱ्या वॉर्डातले आजोबा पलंगावरून खाली पडले. खुबा मोडला. त्यांनी घंटेचं बटण दाबलं होतं, कोणी येईना, म्हणून बिचारे आपणच उठले. ठपका कोणावर? सिस्टरवर. तिच्या कमरेच्या यंत्रावर घंटा वाजली आणि तिने कानाआड केली, म्हणे! वायफाय बसवणाऱ्या कंपनीचा टायवाला कागद घेऊन हजर झाला: 'संदेश पोचला. हरवलेले संदेश शून्य.' संपलं. सिस्टर निलंबित. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"ताई, वाजली तशी धावले गं मी," सिस्टर म्हणाली. "पोचले तर ते खाली पडलेले."

तारताईच्या डोक्यात तिडीक गेली. वाजली खरी, पण केव्हा वाजली, हे कोणी विचारलं का?

तिने वॉर्डाच्या डब्यात डोकं घातलं आणि कपाळावर हात मारला. डब्यातून बाहेर पडणाऱ्या सगळ्या पॅकेटांची, म्हणजे संदेशांच्या आणि चित्रांच्या तुकड्यांची, एकच रांग. टोकाच्या खोलीत डॉक्टरांचा टॅब, तिथे सिग्नल रडतखडत पोचायचा, आणि त्याच टॅबला दुपारी स्कॅनची भलीमोठी चित्रं जायची. मागल्या वर्षी चित्रं तुटतात अशी ओरड झाली, तेव्हा टायवाल्याने रांगच लांबवून ठेवली: चार हजार पॅकेटं मावतील एवढी. आता सांडत काही नव्हतं, सगळं तुंबत होतं. चित्रांच्या त्या लांबलचक शेपटीला घंटेचं इवलंसं पॅकेट उभं. आणि हे शहाणे तपासणी करत सकाळी सातला, रांग रिकामी असताना!

चौकशीच्या खोलीत हॉस्पिटलचे मोठे साहेब घड्याळ बघत होते. टायवाला हसला. "मावशी, हे तुमचं काम नाही. आमच्याकडे एकही पॅकेट हरवत नाही."

"मावशी घरी. इथे तारताई म्हणायचं." तिने सिस्टरचं यंत्र टेबलावर ठेवलं. वॉर्डबॉयला फोन लावला. "चित्रं सुरू झाली? आता दाब घंटा. साहेब, घड्याळ बघताच आहात, तर नीट बघा."

दहा सेकंद. वीस. टायवाला खोकला. तीस. बेचाळिसाव्या सेकंदाला यंत्र किंचाळलं.

"पोचला हो संदेश," तारताई म्हणाली. "हरवलेले शून्य. मोडलेले खुबे एक!"

मग तिने तिथेच बसून डब्यातली मांडणी बदलली. प्रत्येक यंत्राची रांग वेगळी. हवेतून पाठवायचा वेळ सगळ्यांना पाळीपाळीने सारखा, संथ टॅबने सगळ्यांची वाट अडवायची नाही. ज्याच्या रांगेत फार तुंबेल, त्याचीच शिळी पॅकेटं टाकून द्यायची. चित्राचा राहिलेला तुकडा टॅब पुन्हा मागून घेतो. पुन्हा चित्रं सुरू केली, पुन्हा घंटा दाबली. वॉर्डबॉयचं "दाबली" फोनवर पुरं व्हायच्या आत यंत्र वाजलं.

"बरं, निलंबन मागे," साहेब म्हणाले. "पण अहवालात 'सिस्टरला समज दिली' एवढं राहू दे. कंपनीचीही अब्रू आहे."

"आणि हिची? ती काय रस्त्यावर पडलीये?" तारताईचा आवाज चढला. "तांत्रिक साक्षीदार म्हणून माझी सही हवी ना? आधी ती ओळ खोडा. आणि 'रांग कंपनीने लांबवली' हे लिहा, मराठीत, ठळक."

साहेबांनी टायवाल्याकडे पाहिलं. टायवाल्याने जमिनीकडे. ओळ खोडली गेली, दुसरी लिहिली गेली, तेव्हा कुठे तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर कामावर आली. आजोबांनी प्लास्टरात पडल्यापडल्याच बटण दाबलं. बोट उचलायच्या आत ती समोर उभी.

"आज बरी धावत आलीस!" आजोबा फणकारले. "त्या दिवशी कुठे मेली होतीस?"

सिस्टरने मान खाली घातली. दारात शिडी धरून उभ्या तारताईचे कान तापले. तिने शिडी भिंतीला टेकवली आणि पलंगाशी स्टूल ओढलं.

"आजोबा, ती त्या दिवशीही धावलीच होती. पाच मिनिटं द्या मला. ऐका."